बेनला त्रास नको

वादळाचा खरा मार समुद्रकाठाला बसला. आमच्या बडोद्यात, अकोट्याला, त्याने शेजाऱ्यांच्या गाडीवर एक कडुनिंब आडवा केला, दिवसभर वीज घालवली आणि ते पुढे गेलं. दोन-तीन दिवसांनी खंडेराव मार्केटबाहेर कैऱ्यांचे ढीग लागले. ऊना आणि गीरकडच्या बागांमधला केसर आंबा, पिकायच्या ऐन तोंडावर झडलेला, मातीने माखलेला, मिळेल त्या भावाने विकायला आला होता. रोगाची दुसरी लाट तेव्हा नुकती ओसरू लागली होती. तोंडाला मास्क लावलेली माणसं त्या ढिगांवर ओणवी होऊन घासाघीस करत होती. "पडलेलाच माल आहे ना," असं एक गृहस्थ विक्रेत्याला सुनावत होते, जणू झाडं त्यानेच हलवली होती. त्या वर्षी आमच्या घरी भावाबहिणींना वाटूनही उरेल इतका मेथांबा झाला. दुसऱ्याच्या नुकसानीचा मेथांबा जरा तरी बेचव लागेल अशी माझी समजूत होती. पण जिभेला नीतिशास्त्र कळत नाही.

ज्या ऊन्याच्या कैऱ्या आम्ही खात होतो, त्याच्या पुढे खाडीवरचा पूल ओलांडला की दीवचं बेट लागतं. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवला नाही, त्यामुळे अर्ध्या गुजरातेला हे बेट म्हणजे समुद्रात बांधलेला एक प्रशस्त बार वाटतो. शनिवारी गाड्या जातात, रविवारी संध्याकाळी डोकं धरून परत येतात. किल्ला आहे, जुनी चर्चेस आहेत, वर जाऊन फाटे फुटणारी होका नावाची ताडासारखी झाडं आहेत. पण ती बघायला कोणी येत असेल असं मला वाटत नाही. बेटावरच्या माणसांना याचं काही वाटत नसे. येणारा कशासाठी येतो हे विचारायची चैन, येणाऱ्यांवर जगणाऱ्यांना परवडत नाही.

आम्ही नवराबायको तिथे जात होतो ते एका बाईच्या हातच्या जेवणासाठी. नागोआच्या किनाऱ्यापासून थोडं आत तिचं घर होतं. मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या, आणि पुढे अंगणात पत्र्याची एक लांबलचक उघडी शेड. त्या शेडच्या एका टोकाला चुली आणि शेगड्या, बाकी सगळीकडे टेबलं. या सगळ्याला ती 'रसोडुं' म्हणायची. नवरा होता तोवर तो मासळी आणायचा, ती रांधायची. तो गेल्यावर तिने गावातल्या दोन बायका मदतीला घेतल्या आणि रसोडं चालूच ठेवलं. मी तिला बेन म्हणायचो, ती मला प्रोफेसरभाई म्हणायची. मी कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही तिने माझी बढती काढून घेतली नाही. खरं तर मी प्रोफेसर कधी झालोच नव्हतो.

तिच्याकडे बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत आणि मासे खाणाऱ्यांसाठी तळलेला पापलेट असे. आम्ही जेवत असताना ती शेडच्या खांबाला टेकून उभी राहायची आणि कोणी रोटला अर्धा टाकला तर तिथूनच म्हणायची, "काय भाई, बडोद्याचे लोक चिमणीचा घास खातात?" खोल्यांचं भाडं ती अगदी नावापुरतं घ्यायची. घर चालायचं ते रसोड्यावर. हे तिने मला कितीदा तरी सांगितलं होतं: "खोलीत माणूस झोपतो, भाई. झोपलेल्या माणसाकडून काय मिळणार?"

वादळानंतर बरेच दिवस तिचा फोन लागला नाही. बातम्यांमध्ये मोडलेले विजेचे खांब दिसायचे, विमानातून पाहणी करणारे मोठे लोक दिसायचे. खिडकीला नाक लावून ते खाली बघत असत आणि खालून कोणी वर बघत असेल का, असा प्रश्न मला पडे. शेवटी एका दुपारी तिचाच फोन आला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "शेडचे पत्रे गेले. एक गावाच्या पलीकडे सापडला, बाकीचे समुद्राने नेले. होकाची झाडं सगळी आडवी. खोल्या आहेत, पण टाकी फुटली, दारं फुगली. वादळ, आमचं वावाझोडुं, घरात शिरलं आणि पाहुण्यासारखं सगळ्या खोल्या बघून गेलं."

आमच्या हिने माझ्या हातातून फोन घेतला. "बेन, काय पाठवू? पैसे, कपडे, काय हवं?"

"काही नको, भाभी. पाठवायचं असेल तर माणसं पाठवा."

मग तिने जे सांगितलं ते हिने मला नंतर दोनदा सांगितलं, कारण मला पहिल्यांदा नीट कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तिचा मुलगा बरीच वर्षं इंग्लंडमध्ये होता. दीव पोर्तुगिजांचं असताना जन्मलेल्या आजोबांच्या आधारे तिथल्या शेकडो घरांतली पोरं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली, त्यातला हा एक. आईचेही कागद त्याने कधीचे करून ठेवले होते. वादळानंतर तो रोज फोन करून म्हणत होता, आता पुरे, घर बंद कर आणि ये. रोगामुळे दीड वर्ष पाहुणा नव्हताच, त्यावर हे. बेनने त्याला सांगितलं होतं की दिवाळीनंतरचा हंगाम बघते. मी आधी रसोडं उभं करते, खोल्या नंतर. रसोडं चाललं तर राहते. नाही चाललं तर तू म्हणशील ते.

"आणि ती खरंच करेल," ही म्हणाली. "ती तुमच्यासारखी नाही, नुसती म्हणणारी."

आमच्या मंडळाची सभा श्रावणात भरली. बडोद्यातल्या मराठी माणसांची मंडळं जितकी आहेत तितकी मराठी माणसं आता उरली आहेत का, हा स्वतंत्र विषय आहे. आमचं मंडळ नागरवाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरतं. भिंतीवर हार घातलेल्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी आहेत आणि त्यांच्याखाली आजी अध्यक्ष बसतात, त्यामुळे सभेत बसलं की प्रगतीची दिशा आपोआप लक्षात येते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. अध्यक्ष स्वतः विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण आवाज पणजोबांचा राहिला आहे. मनाने माणूस चांगला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात कोणीही वाईट नव्हतं.

सभेत वादळग्रस्तांसाठी जुने कपडे गोळा करायचं चाललं होतं. आधीच्या आठवड्यात जमा झालेल्या ढिगात एक जरीची शेरवानी होती आणि एका आजोबांचे तीन लोकरी कोट. वैशाखात घर गेलेल्या कोळ्याने लोकरी कोटाचं काय करावं, असं मी विचारलं. "थंडी येणारच आहे की," चिटणीस म्हणाले.

मग मी बेनचं सांगितलं. तिला कपडे नकोत, पैसे नकोत, गिऱ्हाईक हवं आहे. माणसं तिकडे गेली, राहिली, जेवली, तर तेच खरं. मी सभांमध्ये सहसा बोलत नाही, त्यामुळे लोकांनी ऐकून घेतलं. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठून उभे राहिले.

"सर, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. आपण सगळे जायचं. पूर्ण बस. मदत म्हणून नाही, स्नेह म्हणून. आपण त्याला 'स्नेहयात्रा' म्हणू."

"सहल म्हटलं तर नाही चालणार?" मी विचारलं.

"सहलीला बॅनर कोण लावतो?"

दिवाळीनंतरचा आठवडा ठरला. चाळीस माणसं, दोन रात्री. मी घरी येऊन बेनला फोन केला. तिने आकडा पुन्हा विचारला. "चाळीस?" ती म्हणाली. "खोल्यांत मावणार नाहीत. शेजारच्या दोन घरांत सोय करते. जेवायला मात्र सगळे माझ्याकडे." तिचा आवाज वादळानंतर प्रथमच मला ओळखीचा वाटला. बस तिच्या दारात उभी राहिली की गाव बघेल, गावातल्या गाडीवाल्यांपासून बाहेरच्या टूरवाल्यांपर्यंत बातमी जाईल की हिचं रसोडं परत चालू झालं. मग हंगाम लागतो, असं ती म्हणाली. एक भरलेली बस दहा बस आणते. हा धंद्याचा नियम मला ठाऊक नव्हता, पण पटला.

निघायच्या पहाटे आम्ही मंडळाच्या दारात पोचलो तेव्हा बसच्या पोटात सामान चढत होतं. ते मी आधी नुसतं बघत राहिलो. मोठी पातेली. गॅसची शेगडी आणि दोन सिलिंडर. पिठाची पोती, तेलाचे डबे, खंडेराव मार्केटमधून आदल्या संध्याकाळी आणलेल्या भाजीची गोणपाटं. दुधी, फ्लॉवर, कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या कापडात गुंडाळलेल्या. आणि या सगळ्यावर देखरेख करत, गळ्यात मफलर घातलेले आमचे महाराज. बडोद्यात महाराज दोन प्रकारचे, राजवाड्यातले आणि स्वयंपाकाचे. पहिल्यांशिवाय आमचं सत्तर-पंचाहत्तर वर्षं बरं चाललं आहे, दुसऱ्यांशिवाय आम्ही गावाबाहेर पाऊल टाकत नाही. काशीला गेलो तरी महाराज, हरिद्वारला गेलो तरी महाराज. परमुलखात काय मिळेल कोणी सांगावं. ही पद्धत इतकी जुनी की महाराजांना बोलवायचं असं कोणी ठरवलंच नव्हतं. बस ठरली म्हणजे महाराज ठरले.

मी अध्यक्षांना गाठलं. "जेवण बेनकडे आहे ना?"

"राहायला बेनकडे, सर. जेवणाची चिंता तिने करायची नाही."

"पण तिला करायची आहे."

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, वादळाने घर उडालेली बाई ती. विधवा. तिच्या दारात चाळीस माणसांनी जाऊन पंगत मागायची? लोक काय म्हणतील? आपण स्नेहाला चाललोय की शिधा संपवायला? तिला काडीचा त्रास द्यायचा नाही, हे मी सगळ्यांना बजावलंय."

"त्रास नाही हो, तिचा धंदा आहे तो."

"तुम्ही तिला विचारलंत तर ती करतेच म्हणणार. सौराष्ट्राची माणसं. जीव देतील पण नाही म्हणणार नाहीत. म्हणून तर आपण समजून घ्यायचं."

मी सभेत नेमकं काय बोललो होतो ते पुन्हा सांगायला लागलो, तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि गणपतीबाप्पाचा गजर झाला. त्या गजरात युक्तिवाद टिकत नाही. बसमध्ये बसल्यावर ही म्हणाली, "फोन करा तिला."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

दिवस वर आल्यावर मी फोन लावला. बेन घाईत होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. पहाटेच मासळी बाजारात जाऊन आले, ती म्हणाली, किती दिवसांनी घासाघीस केली, कोळणी हसल्या मला. दोघी जणी आल्यात कामाला, सकाळपासून वांगी भाजतायत. शाकाहारी किती आणि मासे खाणारे किती तेवढं सांगा. मी म्हणालो, बेन, आमच्याबरोबर एक महाराज आहेत. ती म्हणाली, "आणा की. त्यांनाही जेवायला वाढू."

हिने माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

ऊन्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुळासकट उलटलेली झाडं तशीच पडलेली होती. सहा महिने होत आले तरी उचलायला कोणाला वेळ मिळाला नव्हता. कोणी कोणी मोबाइलवर फोटो काढले. बसमधली अंताक्षरी थोडा वेळ थांबली, मग 'झ' वरून पुन्हा सुरू झाली.

बेनचं घर मी ओळखलंच नसतं. अंगणाची सावली गेली होती. होकाचे बुंधे कापून एका बाजूला रचले होते. पण शेड उभी होती, नवेकोरे पत्रे उन्हात डोळ्यांवर येत होते, टेबलांवर धुतलेल्या चादरी अंथरलेल्या होत्या. चुलीवर मोठं पातेलं होतं. बेन नवी साडी नेसून दारात उभी होती. ती खूप बारीक झाली होती. तिच्या मागे त्या दोन बायका, हातात पाण्याचे तांबे घेऊन.

आमची माणसं उतरली, बॅनर उतरला. आणि बसच्या पोटातून महाराजांची पातेली उतरू लागली.

त्या दोन बायकांपैकी एकीने ते बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. एकेक वस्तू बाहेर येत होती आणि बेन बघत होती, कोणी पाहुणा किती सामान घेऊन आला आहे याचा अंदाज घ्यावा तशी. महाराजांना शेगडी मांडायला जागा हवी होती. त्यांनी शेडमधली मोकळी जागा बघितली आणि मग तिच्याकडे बघितलं. महाराज त्या सगळ्यांत एकटेच असे निघाले ज्यांना अवघडल्यासारखं झालं.

"बेन, अहीं मूकुं?" त्यांनी विचारलं. इथे ठेवू का?

"मूको ने," ती म्हणाली. "वारा लागेल, त्या कोपऱ्यात ठेवा. नळ तिकडे आहे."

ही बसमधून उतरून सरळ चुलीपाशी गेली होती. मी गेलो तेव्हा ती आणि बेन शेजारी शेजारी उभ्या होत्या. पातेल्यात भरीत होतं, चाळीस माणसांचं. परातीत हळद-मीठ लावून ठेवलेले मासे.

"मी सांगते त्यांना," ही म्हणाली. "आजचं इथलंच जेवायचं."

"नको, भाभी. माणसं प्रवासाने थकलीत. त्यांना जे सोसतं ते खाऊ द्या."

तरी मी अध्यक्षांकडे गेलो. या वेळी जरा मोठ्याने बोललो. अध्यक्ष खरोखर गोंधळले. त्यांनी चिटणिसांना बोलावलं. चिटणीस म्हणाले, भाजी दोन दिवसांची आहे, आज नाही केली तर सडेल, पैसे मंडळाचे आहेत. कोणीतरी म्हणालं की काहींना लसूण चालत नाही. कोणी म्हणालं, एकादशी परवा की तेरवा. एका बाईंनी विचारलं, "पाणी तरी उकळलेलं असेल का हो यांच्याकडे?" ठराव असा निघाला की बेनने केलेलं 'प्रसाद म्हणून' प्रत्येकाच्या पानात चमचाभर वाढायचं. या ठरावाने सगळ्यांना बरं वाटलं.

रात्री पंगत बसली. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, जिलबी. महाराजांचा हात चांगला आहे. बेनच्याच शेडमध्ये, तिच्याच टेबलांवर आम्ही जेवलो, आणि अध्यक्षांनी आग्रहाने बेनला मधल्या खुर्चीवर बसवलं. तिला शाल घातली, नारळ दिला. नारळ तिथे मुबलक मिळतो हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मग भाषण झालं.

"आज बेनने कशालाही हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "आज ती आपली पाहुणी."

टाळ्या वाजल्या. पुढ्यातलं ताट बघत बेन बसून राहिली, हात मांडीवर. तिला असं बसलेलं मी तेवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. शाल सारखी खांद्यावरून घसरत होती आणि ती सावरत होती. भरिताचा चमचा पानोपानी फिरला. "छान आहे हं, जरा तिखट," असं माझ्या शेजारचे म्हणाले आणि त्यांनी तो बाजूला सारला.

पंगतीच्या आधी मंडळातले आठ-दहा पुरुष सूर्यास्त बघायला म्हणून चालत गेले होते. सूर्य बुडून बराच वेळ झाल्यावर ते परत आले, फार प्रेमळ होऊन. खोल्यांचं नावापुरतं भाडं सोडलं, तर बेटावर आमच्या मंडळाने पैसे खर्च केले ते एवढेच, बारमध्ये. बेटावर आता यातच काय ते पैसे आहेत, असं बेन एकदा म्हणाली होती, ते मला आठवलं. त्यांच्यातल्या चार जणांना तळलेल्या माशांचा वास आला. ते गुपचूप चुलीपाशी जाऊन उभे राहिले आणि आम्ही दोघं त्यांच्यात मिसळलो. मासे असे सहा जणांनी खाल्ले. एक काका, ज्यांचंही कुळ फौजेतलं, बोटं चाटत म्हणाले, "बेन, यासाठी मी पुन्हा येईन बघा."

"या ना," बेन म्हणाली. "पण बसमधून नका येऊ."

काका हसले. तीही हसली. उरलेले मासे त्या दोन बायका डब्यांत भरून घरी घेऊन गेल्या.

दुसरा दिवस किल्ला, चर्च, गुहा आणि महाराजांचं पुरणपोळीचं जेवण यात गेला. स्वयंपाकाला बेनच्या चुली पेटल्या नाहीत. तिने आमच्या आंघोळीचं पाणी तापवलं, चहा केला. चहा तेवढा महाराजांनी तिच्यावर सोडला होता, आणि तोही त्यांनी स्वतः अध्यक्षांना सांगून, माझी कंबर धरली आहे असं निमित्त काढून. दुपारी रस्त्यावरून दुसरी एक बस हळू होऊन गेली. तिच्या ड्रायव्हरने आमच्या ड्रायव्हरला ओरडून विचारलं, इथे जेवण कसं आहे. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "अमारे तो महाराज साथे छे." ती बस पुढे गेली.

निघायच्या सकाळी ही बेनबरोबर शेडमध्ये बसली होती. मी चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसलो. बेन टेबलांवरच्या चादरी काढून घड्या घालत होती.

"मुलाला काल सांगितलं," ती म्हणाली. "मार्गशीर्षात येते म्हणून."

ही म्हणाली, "आमच्यामुळे."

"नाही हो भाभी." तिने घडी गुडघ्यावर ठेवून तळहाताने दाबली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वादळाच्या आधीही हेच होतं. अहमदाबादची बस आली तर तिचा महाराज, सुरतेची आली तर तिचा. बाकीचे दारू प्यायला येतात, त्यांना शेंगदाणे पुरतात. पत्रे परत लागतात, बघा ना, मी लावले. वाऱ्याने नेलेलं परत आणता येतं. जेवायला येणारी माणसंच कमी झाली, ती कुठून आणू? मला वाटलं होतं, तुमची तरी बस." तिने दुसरी चादर ओढली. "चाळीस माणसं आणि माझी चूल थंड. गाव बघत होतं."

"आम्ही दोघं येऊ," मी म्हणालो. "दरवर्षी येतोच."

"दोघांचं रसोडं होत नाही, भाई. दोघांचं घर होतं. ते मुलाकडेही होईल."

शेडचं काय, असं हिने विचारलं. दिराच्या मुलाला बार काढायचा आहे, त्याने कधीचं मागितलंय, असं ती म्हणाली. त्या दोन बायका एका मोठ्या हॉटेलात चादरी धुवायला जातील. स्वयंपाकाला तिथे बाहेरून माणसं आणतात.

अध्यक्ष निरोप घ्यायला आले, हात जोडून. "बेन, काही त्रास तर नाही ना झाला आमचा?"

"काहीच नाही," बेन म्हणाली, आणि यापेक्षा खरं वाक्य त्या दोन दिवसांत कोणी बोललं नसेल. "तुम्ही मला एक भांडंसुद्धा घासू दिलं नाही."

अध्यक्ष भारावले.

बस खाडीवरचा पूल उतरली आणि माइक सुरू झाला. चिटणिसांनी आभार मानले. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. यात्रा किती यशस्वी झाली, बेनच्या चेहऱ्यावर हसू कसं फुललं, वगैरे. "म्हणून माझी सूचना आहे," ते म्हणाले, "की ही स्नेहयात्रा दरवर्षी करायची. पुढच्या वर्षी पुन्हा बेनकडे."

टाळ्या वाजल्या. ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोला आता. की मी उठू?"

मी उठलो. चालत्या बसमध्ये सीटच्या दांड्याला धरून मी सांगितलं की बेन पुढच्या महिन्यात घर बंद करून कायमची इंग्लंडला जाते आहे. हंगाम लागतो का ते ती बघणार होती. तिचं घर जेवणावर चालतं, हे मी सभेत बोललो होतो. आपण जेवलो असतो तर तिने कदाचित थोडी वाट बघितली असती. एवढंच बोललो. मला वाटतं मी अगदी स्पष्ट बोललो.

बायकांनी चुकचुक केली. पुढच्या सीटवर बसलेल्या महाराजांनी मान खाली घातली. मग मागून कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "वादळाने फार नुकसान केलं हो त्या बिचाऱ्या बाईचं."

"फार," दुसरं कोणी म्हणालं.

अध्यक्षांनी डोळे पुसले. माइक अजून त्यांच्या हातातच होता. "म्हणजे आपण अगदी वेळेवर जाऊन आलो," ते म्हणाले.

लोकांनी माना हलवल्या. मी तसाच उभा होतो. अजून काही बोलायचं राहिलंय का याचा विचार करत होतो. रस्ता खराब होता आणि तोल जात होता. हिने माझ्या शर्टाची बाही ओढली.

"बसा," ती म्हणाली. "पडाल."